एक जूनला जन्मलेली गल्ली

आमच्या गल्लीत एक जूनला जेवढी बाळंतपणं झाली, तेवढी मोठ्या सरकारी दवाखान्यात वर्षभरात होत नसतील. सरकारी कागद तसंच सांगतो. चुलता एक जूनचा, पुतण्या एक जूनचा, समोरच्या घरातला जावईसुद्धा एक जूनचा. सुईण त्या दिवशी या घरातून त्या घरात पळून पळून मेली असेल.

खरी गोष्ट अशी की धम्मदीक्षा घेतली त्याच्या पुढच्या साली आमच्या बापांनी ठरवलं, आता पोरगं दुसऱ्याची ढोरं वळायला जाणार नाही, शाळेत जाणार. एका सकाळी अख्ख्या गल्लीतली पोरं डोक्याला तेल चोपडून शाळेच्या दारात उभी केली. हेडमास्तरनं विचारलं, "जन्म कधीचा?" एकाचा बाप म्हणाला, "ज्वारी हुरड्यात आली व्हती तवाचा." दुसरा म्हणाला, "रझाकार गावात घुसले, त्याच्या आदल्या बाजाराचा." मास्तरनं कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना सरसकट एक जून वाटून टाकला, प्रसाद वाटावा तसा. वर आमची मातीतली नावं ऐकून त्याला दया आली, म्हणून नावंही सुधारून लिहिली. चांगली नावं त्याच्याकडं मोजकीच असावीत. कारण मला आणि माझ्या मागं नाक ओढत उभ्या असलेल्या पोराला त्यानं एकच नाव दिलं. आमच्या बापांची नावं आधीच एक होती, त्या काळी आमच्यात नावांचाही दुष्काळच. आणि आडनाव तर सगळ्या गल्लीचं एक.

म्हणजे नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख, सगळं एक असलेली दोन माणसं गावात वाढली. गावाला याचा काडीचा त्रास झाला नाही. मी मोठा होऊन सरकारी लाल गाडीवर लागलो, गावानं मला डायवर म्हटलं. तो शिलाई मशीनवर बसला, त्याला टेलर म्हटलं. झाला निकाल. आमच्या लग्नात बायकांची अदलाबदल झाली नाही, पुढं कधी समन्स आलं तर ते बरोबर त्याच्याच घरी गेलं. सत्तरी गाठेपर्यंत कुणाची गफलत झाली नाही. गफलत झाली ती कंप्युटरची.

आमचं गाव जळकोटच्या अंगाला. एक रस्ता नांदेडला जातो, एक लातूरला, आणि तिसऱ्यानं देगलूरकडं निघालात तर माणूस वाक्य मराठीत सुरू करतो आणि तेलुगूत संपवतो. या तिन्ही रस्त्यांवर मी गाडी हाणली. खड्डे असे होते की एकदा पुढचं चाक खड्ड्यात गेलं ते मागचं चाक येईपर्यंत बाहेर निघालं नाही. डाव्या गुडघ्यानं क्लच दाबून दाबून मी एवढं अंतर तोडलंय की चंद्रावर जाऊन परत आलो असतो, वाटेत चहाला थांबून. त्या गुडघ्यानं शेवटी माझ्याविरुद्ध बंड केलं. मग डॉक्टरनं गुडघ्याची गोळी दिली. काय गोळी होती! घेतली की अर्ध्या तासात गुडघा एकवीस वर्षांचा व्हायचा, बाकीचा मी तसाच राहायचो.

ही गोळी मी माझ्या चंचीत ठेवायचो. चंची म्हणजे कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, कमरेला खोचायची. एका कप्प्यात सुपारी, एकात तंबाखू, एकात चुना, आणि चौथ्यात आता गोळ्या. आमच्याकडची रीत अशी की चंची मांडीवर उघडली की शेजारी बसलेल्यानं न विचारता हात घालायचा. विचारलं तर तो अपमान. "घेऊ का?" म्हणणारा माणूस एक तर पुण्याचा असतो, नाहीतर भांडायला आलेला.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या सालची ही गोष्ट. आमच्या विहिरीत दगड टाकला तर खालून धूळ वर यायची. टँकर यायचा, त्याच्यामागं गाव धावायचं, म्हातारी माणसं घागरी घेऊन उन्हात उभी. त्याच साली नव्या जिल्ह्याचीही आवई जोरात होती. उदगीर जिल्हा होणार, सोमवारी होणार, सोमवार गेला की पुढल्या सोमवारी होणार. टेलरनं मोर्चासाठी इतके झेंडे शिवले की त्या कापडात आख्खा जिल्हा गुंडाळून मुंबईला पाठवता आला असता.

"जिल्हा झाला की दवाखाना येतो, नळ येतो," तो म्हणायचा.

"तवर आपुन ऱ्हातो का?" मी म्हणायचो.

"म्या तर ऱ्हातो. तुझं तू बघ."

जिल्हा आला नाही, नळ आला नाही. आला तो कंप्युटर.

लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यानं आमच्या विहारात शिबिर लावलं. साठीच्या पुढच्या सगळ्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या, ते त्या कंप्युटरात भरणार. कारण असं की म्हातारा माणूस छातीला एका डॉक्टरकडं जातो, साखरेला दुसऱ्याकडं, डोळ्याला तिसऱ्याकडं, आणि कुणाला कुणाचा पत्ता नसतो. मग त्या गोळ्या पोटात जाऊन एकमेकींच्या झिंज्या उपटतात. ते भांडण कंप्युटर आधीच ओळखणार, मेडिकलवाल्याच्या पडद्यावर लाल दिवा लावणार. कल्पना वाईट नव्हती. मी मशीनचा दुश्मन नाही, मी आयुष्यभर मशीनच्या मांडीवर बसून पोट भरलंय. पण मशीननं मशीनसारखं वागावं, तहसीलदारासारखं वागू नये.

टेलरकडं मोबाइल नव्हता, त्यानं माझाच नंबर दिला. झालं. आता सगळंच एक.

टेलरचं काळीज ठेका सोडून धडधडायचं. डॉक्टरनं त्याला रक्त पातळ करायची गोळी दिली होती आणि दम भरला होता, ही चुकली तर रक्ताची गाठ होऊन डोक्यात जाईल आणि लकवा मारेल. टेलरचा थोरला भाऊ लकव्यानं वर्षानुवर्षं खाटेवर पडून गेलेला. त्याच्या तोंडात घास टेलरनंच भरवला होता. त्यामुळं टेलर एक वेळ जेवण विसरेल, पण ती गोळी नाही. तो मरणाला भीत नव्हता. हाताला भीत होता. म्हणायचा, "हात गेला तर म्या कोन? नुसता एक जूनवाला."

एका सकाळी तो मेडिकलवरून आला तो तोंड वाळवून. गोळी दिली नव्हती. मी त्याला घेऊन तडक मेडिकलवर गेलो. मेडिकलवाला आमच्या कसब्यातल्या जुन्या घराण्यातला, त्याचे आजोबा अत्तर विकायचे, म्हणून अजून तो खोकल्याचं औषधसुद्धा हातावर लावून देतो की काय असं वाटतं.

"डायवरचाचा, मैं क्या करूं," त्यानं पडदा आमच्याकडं फिरवला. "मशीन नको बोलून राहिली. ये देखो लाल. गुडघ्याची गोळी न् रक्ताची गोळी एकत्र, पोटात रक्त जायचा धोका. डॉक्टर बघेपर्यंत दोन्ही बंद."

"आरं पर गुडघा माझा हाय, रक्त ह्याचं हाय!"

"मेरेकू मालूम है. मशीनला सांगा ना."

उदगीरला गेलो. तिथंही तोच पडदा, तोच लाल. ज्यांच्याकडं पडदा नव्हता त्यांच्याकडं ती गोळी नव्हती. टेलरच्या पट्टीत दोन-चारच उरल्या होत्या. तो त्या पट्टीकडं असा बघायचा की जणू टँकरच्या नळाकडंच बघतोय, थेंब थांबायच्या आधी. आणि माझ्या मोबाइलवर रोज एक बाई बोलायची, रेकॉर्ड केलेल्या आवाजात, साजूक तुपातलं मराठी: "नमस्कार आजोबा, आपण आपली औषधं वेळेवर घेत आहात ना?" मी तिला जी उत्तरं दिली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. तिनं काही मनावर घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच मायेनं विचारायची.

"चल लातूरला," मी म्हणालो. "त्या मशीनीला दाखवू दोघं दोन दिसतो का न्हाई."

त्या साली लातूरला जाणारा माणूस आपलं पाणी आपण घेऊन जायचा. आम्ही एक कॅन भरून घेतला, आणि गाडीत मी तो कॅन मांडीवर असा धरून बसलो की शेजारच्या बाईनं विचारलं, "नातू का?"

दवाखान्यात खिडकीपाशी कंप्युटरवर एक पोरगी होती. तिनं नाव विचारलं. मी सांगितलं. टेलरनंही सांगितलं. तिनं खटाखट बोटं चालवली आणि मान वर केली.

"एकाच पेशंटनं या ना पुढं."

"बाई, आमी दोघं हाव."

"सिस्टीममध्ये एकच आहे."

"तुला दोघं दिसून राहिले का न्हाई?"

"मला दिसतायत हो आजोबा. सिस्टीमला नाही दिसत." पोरगी वाईट नव्हती, तिनं पुन्हा खटाखट केलं. "एक उपाय आहे. तुमच्यापैकी एकानं जन्मतारीख बदलून आणा. प्रतिज्ञापत्र करायचं, पुढच्या आठवड्यात होऊन जाईल. कुणाचीही चालेल."

टेलर माझ्याकडं वळला. "तू बदल."

"म्या का म्हून? तू माझ्या मागं हुबा व्हतास. मागचा बदलंल."

"तू पुडं कसा घुसलास ते मला ठावं हाय. कोपरानं ढकललंस."

"साठ वर्सं मनात ठिवलंस व्हय रं?"

मागची रांग हसायला लागली. पोरगी म्हणाली, "आजोबा, ही तारीख तशीही खरी नाहीच ना? मग बदलायला काय जातं?"

इथं मात्र मला राग आला. साधा नाही, घाटात ब्रेक निकामी झाल्यावर येतो तसला. मी म्हणालो, "बाई, खोटी कशी? आमच्या आईनं आमाला कवा जन्म दिला ते आईला ठावं. पर ही तारीख आमच्या बापानं आमाला शाळंच्या दारात नेलं तवा मिळाली. त्याच्या आधी आमच्यातलं कुणी त्या दारात गेलं नव्हतं, झाडायला सोडून. ह्याच तारखेवर म्या लायसन काढलं, ह्याच तारखेवर पेन्शन खातो. तुझ्या मशीनीला दोन माणसं मावंनात तर मशीन बदल. तारीख बदलायची न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई."

आणि मी खाली बसलो, खिडकीपुढं, फरशीवर. गुडघ्याची गोळी बंद होती, त्यामुळं बसताना जी किंकाळी फुटली ती लातूरच्या स्टेशनवर पाण्याच्या गाडीच्या डायवरला ऐकू गेली असेल. टेलर माझ्या शेजारी बसला. मोर्चाचा पक्का गडी तो, नुसता बसेल कसा? त्यानं मूठ वर केली आणि सवयीनं ओरडला, "झालाच पाहिजे!" रांगेतल्या लोकांना काय झालं पाहिजे ते ठाऊक नव्हतं. पण दुष्काळाचं साल, काही ना काही सगळ्यांनाच हवं होतं. सगळी ओसरी ओरडली, "झालाच पाहिजे!"

तेवढ्यात आतून एक डॉक्टरीण आली. तरणी, गळ्यात नळी, बोलण्यात देगलूरकडचा हेल. "अय्यो, काय झालंच पाहिजे मामा?"

"आमी दोन झालोच पायजेत," मी म्हणालो.

तिनं ऐकून घेतलं, मोठ्यानं हसली, आणि आम्हाला आत नेलं. मी अर्धी लढाई जिंकल्यासारखा कॅन घेऊन तिच्यामागं लंगडत गेलो. तिनं टेलरची नाडी धरली, बाही वर सारली, आणि तिचं हसू थांबलं. टेलरच्या हातांवर निळे-काळे डाग होते, शाई सांडल्यासारखे.

"हे काय?"

"टँकरच्या रांगंत घागरी लागत्यात," टेलर म्हणाला.

"दोन्ही हातांना?"

"दोन्ही हातांनी पानी आनतो."

"दात घासताना रक्त येतं?"

"दुष्काळ हाय बाई. काडी लई कडक झालीया."

मीही हसलो. ती हसली नाही. तिनं रक्त काढून तपासायला पाठवलं आणि खुर्ची पुढं ओढली. "मामा, घागरी उचलून कंबर दुखत असेल ना?"

"दुखंल न्हाई तर!"

"मग काय घेता?"

"घेतो की."

"काय?"

टेलरनं आधी छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्या कमरेकडं. "ह्याच्या चंचीतलं."

बाहेर रांग कुणाच्या तरी नावानं ओरडत होती, आणि आत माझ्या कमरेची चंची एवढी जड झाली की खुर्ची एका बाजूला कलंडते की काय असं वाटलं. गुडघ्याची गोळी लवकर संपायची, ती मी माझ्याच खात्यावर धरत होतो.

"कवापासून?" मी विचारलं.

"टँकर सुरू झाला तवापासून. तू तर बाजूलाच व्हतास. सुपारीबरुबर घ्यायचो."

"आरं मग बोलायचं की!"

"चंचीला कुनी इचारतं व्हय?"

मीच त्याला विचारू दिलं नसतं.

तपासणी आली. रक्त हवं त्याच्यापेक्षा फार पातळ झालं होतं. अख्ख्या मुलखात पाण्याचा थेंब नाही, आणि या गड्याच्या अंगात रक्ताचं पाणी होऊन राहिलेलं. डॉक्टरीण म्हणाली, अजून थोडे दिवस हे चाललं असतं तर पोटात रक्त सुटलं असतं आणि घागर उचलता उचलताच संपलं असतं. लकव्याच्या आधीच. मग ती पडद्याकडं बघून म्हणाली, "म्हणजे मशीननं माणूस चुकवला, पण धोका..."

"थांबा," मी म्हणालो. "तिला श्रेय द्यायचं न्हाई. कावळा बसायला न् फांदी मोडायला एक गाठ पडली. हिला चंची म्हंजे काय ते तरी ठावं हाय का? तुमी हात बघितला म्हून कळलं. हिनं तर ह्या माणसालाच पुसून टाकलं व्हतं."

"बरं, नाही देत श्रेय," ती म्हणाली. तिनं खिडकीवरच्या पोरीला बोलावून दोन वेगळी खाती उघडायला लावली. पोरगी म्हणाली, "मॅडम, नाव-तारीख सारखीच, ते पुन्हा एक करून टाकेल." डॉक्टरीण म्हणाली, "नावापुढं टेलर लिही. ह्यांच्यापुढं डायवर." "नावाच्या रकान्यात धंदा लिहीत नाहीत." "लिही गं." तिनं लिहिलं. कंप्युटरनं निमूटपणं घेतलं. जे गावाला कधीचंच सुचलं होतं, ते त्याच्या गळी उतरवायला आम्हाला फरशीवर बसावं लागलं.

टेलरची गोळी तिनं थोडी कमी करून चालू ठेवली. मग माझ्याकडं वळली. "डायवरमामा, आता तुमची गुडघ्याची गोळी चंचीत ठेवायची नाही. घरी कपाटात, कुलपात."

"का? हा न्हाई घ्यायचा आता. सांगितलंय की त्याला."

टेलर म्हणाला, "न्हाई घ्यायचो." मग कंबर चोळत म्हणाला, "पर कंबर लई दुखली तर हात जाईल बघ. हात कुठं ऐकतो?"

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण माणूस खरा.

"मग कुलूप," डॉक्टरीण म्हणाली.

"न्हाई," मी म्हणालो. "बाई, मी ह्या माणसासमोर गोळी लपवायची? चोरून खायची, म्हंजे माझा गुडघा बरा न् ह्याची कंबर जावो? कुलूप लावून खाणारी लई माणसं आमी बघितली. आमच्या बापाला पानी वरून वतायची ती सगळी कुलूपवालीच व्हती. मी त्यातला व्हनार न्हाई."

"मग काय करायचं?"

"मग गोळीच नको. चंचीत न्हाई, कपाटात न्हाई, कुठंच न्हाई."

तिनं नवी चिठ्ठी पुढं ओढली. म्हणाली, या वयात, या पाण्याच्या टंचाईत, ती गोळी माझ्या मूत्रपिंडालाही बरी नव्हतीच. साधी तापाची गोळी देते, नेमून दिल्यापेक्षा जास्त नाही, ती दोघांनाही चालेल, चंचीत ठेवा खुशाल. शेकायला सांगते. मी म्हणालो, "द्या. पर लिहून घ्या, मशीनीच्या भ्यानं सोडत न्हाई. टेलरच्या भ्यानं सोडतो." तिनं ते लिहिलं की नाही ठाऊक नाही. काहीतरी टाइप केलं खरं.

त्या तापाच्या गोळीबद्दल काय सांगू? माझ्या गुडघ्याला तिनं गुदगुल्यासुद्धा होत नाहीत.

गावी उतरलो ते थेट मेडिकलवर. मेडिकलवाल्यानं नाव टाकलं, पडद्यावर दोन माणसं आली, टेलरच्या पुढं हिरवा. "माशाल्ला, दो हो गए!" म्हणून त्यानं फडताळातून पट्टी काढली. टेलरनं तिथंच एक फोडली. पाणी नव्हतं, आमचा कॅन लातूरच्या रांगेतल्या बायांनी संपवला होता. मेडिकलवाल्यानं आपल्या बाटलीतलं झाकणभर पाणी ओतून दिलं. त्या साली झाकणभर पाणी म्हणजे काय ते ज्यानं दिलं त्यालाच ठाऊक. टेलरनं मान मागं टाकली.

"गेली का?" मी विचारलं.

"गेली."

"दोन्ही हात हलीव."

त्यानं दोन्ही हात माझ्या तोंडापुढं नाचवले, सुईत दोरा ओवल्यासारखी बोटं केली, आणि वर एक शिवी दिली.

मग मेडिकलच्या पायऱ्या उतरायच्या होत्या. पहिल्याच पायरीला गुडघ्यानं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या हॉटेलातला चहा फाटला असेल. टेलर झटकन पुढं आला, खांदा पुढं केला. "धर."

"बाजूला हो," मी म्हणालो. "तुला कुनी इचारलं?"

आणि मी उतरलो. कठडा धरून, आडवा होऊन, खेकड्यासारखा, पण माझा मी उतरलो. गुडघा बोंबलत होता. बोंबलू दे म्हटलं. टेलर माझ्यापुढं चालला होता, दोन्ही हात हलवत, जिल्हा कालच मिळाल्यासारखा.